बाल्थामॉसची मूर्ती : प्रकल्प नोंदी

१४ जून

तर ठरलं, या पावसाळ्यात बाल्थामॉस करायचा. फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' मालिकेतला, तिसऱ्या पुस्तकातला म्हणजे 'द अँबर स्पायग्लास' (२०००) मधला तो हलक्या दर्जाचा देवदूत. या मालिकेवर लोकांनी किती काय काय केलंय, नायिका लायरा आणि तिचा प्राणिरूपी सोबती पँटालायमॉन, चिलखतवाली पांढरी अस्वलं, मिसेस कोल्टरचं सोनेरी माकड, पण बाल्थामॉस माझ्या बघण्यात तरी कोणी केलेला नाही, देवदूत केलेच तर त्यांचा सर्वेसर्वा मेटाट्रॉन आणि त्याच्या मागे गर्दीत पंखच पंख. मला मात्र पहिल्या वाचनापासून वाटत आलंय की अख्ख्या तिसऱ्या भागात सगळ्यात अवघड काम या बिनहुद्द्याच्या शिपायाच्या वाट्याला आलंय आणि ते त्याने कोणी बघत नसताना केलंय.

साइज १:१२, म्हणजे उभा असता तर साधारण १५ सेंमी. बेस २२ बाय १६ सेंमी. बाकी काहीच ठरलेलं नाही, पोझसुद्धा नाही.

१७ जून

आधी पुस्तकातून त्याची सगळी पानं काढून ठेवली. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो (पुढे शेवट फुटणार आहे, वाचायचं असेल तर इथेच थांबा).

विल नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे, त्याच्याकडे एका जगातून दुसऱ्या जगात खिडकी कापणारा सुरा आहे. त्याच्या वडिलांचा त्याच्यासमोर खून होतो आणि त्यानंतर लगेच त्याला दोन देवदूत भेटतात, बाल्थामॉस आणि बारूक. बारूक एकेकाळी माणूस होता, बाल्थामॉस कधीच नव्हता, आणि दोघांचं एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे. दोघंही बंडखोरांच्या बाजूचे, पण स्वतःच सांगतात की आम्ही काही वरच्या दर्जाचे नाही. त्यांना विलला ईश्वराविरुद्ध बंड पुकारणाऱ्या लॉर्ड ॲस्रिएलकडे न्यायचं असतं, विल म्हणतो आधी लायराला शोधायचं, आणि हे दोघं एका पोराचं ऐकतात.

आता यातली मोठी गंमत ही की अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात मोठं गुपित, म्हणजे ज्याला सगळे ईश्वर म्हणतात त्याने हे विश्व घडवलेलंच नाही, तो फक्त पहिला देवदूत होता, इतरांसारखाच डस्टमधून (जाणिवेचे अदृश्य कण) तयार झालेला, आणि मागाहून आलेल्यांना त्याने सांगितलं की मीच तुमचा निर्माता, हे गुपित विलला सांगतो कोण तर बाल्थामॉस. सेनापती झफानिया नाही, ॲस्रिएल नाही. लेखकाने एवढा मोठा बॉम्ब एका साध्या शिपायाच्या तोंडी दिलाय.

मग बारूक एकटा बातमी घेऊन ॲस्रिएलच्या किल्ल्याकडे उडतो, वाटेत शत्रूचे देवदूत गाठून त्याला जखमी करतात, तो कसाबसा पोचतो, बातमी सांगतो, आणि दार उघडल्यावर हवेची जी हलकीशी झुळूक येते तिनेच त्याचं शरीर विस्कटून जातं. तिकडे दूर टुंड्रावर बाल्थामॉसला ते त्याच क्षणी कळतं. आणि हा धक्का बसून थोडा वेळ जातोय तोवर विल त्याला सांगतो की आपल्याला माणसांच्या वस्तीतून जायचंय, इथे प्रत्येकाबरोबर त्याचा डेमन असतो (माणसाचा आत्मा, प्राण्याच्या रूपात बाहेर राहणारा), माझ्याकडे दिसणारा डेमन नाही, तू पक्षी हो. म्हणजे ज्याचा जोडीदार आत्ताच गेलाय त्याने ब्लॅकबर्ड बनून एका मुलाच्या खांद्यावर बसायचं. त्याला ते अपमानास्पद वाटतं आणि तरी तो करतो.

आणि मग हिमालयातल्या गुहेत लायराला सोडवताना लढाई पेटते आणि तो घाबरून पळून जातो. पळून जातो म्हणजे खरंच जातो, शेकडो पानं त्याचा पत्ता नाही, वाचणारा त्याला विसरून जातो.

२० जून

मागच्या नोंदीचं पुढे. परत येतो तो थेट ३५ व्या प्रकरणात, आणि तेव्हा त्याच्यासमोर उभा आहे फादर गोमेझ.

गोमेझ समजल्याशिवाय बाल्थामॉस समजत नाही म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहून ठेवतो. चर्चच्या कन्सिस्टोरियल कोर्टाने त्याला लायराला मारायला पाठवलंय. तरुण आहे, श्रद्धाळू आहे, रायफल आहे आणि त्याला खून करायच्या आधीच त्या खुनाची माफी मिळालेली आहे. आगाऊ. प्रायश्चित्त करून पुण्य जमा ठेवायचं आणि मग पाप करायचं अशी ती सोय. तो जगं ओलांडत मेरी मॅलोन या शास्त्रज्ञ बाईच्या मागावर म्यूलेफा नावाच्या प्राण्यांच्या जगात येतो, लायरा आणि विल टेकड्यांवर हिंडायला निघालेत, तो नेम धरतो, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याचा डेमन धरतं. हिरव्या पाठीचा भुंगा आहे त्याचा डेमन. दुसऱ्याच्या डेमनला हात लावणं हे त्या जगात इतकं निषिद्ध आहे की लढाईतसुद्धा सैनिक ते करत नाहीत. बाल्थामॉस करतो. शरीराने देवदूत माणसापेक्षा कमजोर आहेत पुस्तकात, हाडामांसाच्या माणसाशी झुंज देणं त्यांना झेपत नाही, आणि हा तर आधीच झिजलेला, म्हणून तो भुंगाच पकडतो. ओढ्यात झटापट होते, गोमेझ पडतो, बाल्थामॉस त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

एकाला पाप करायच्या आधीच माफी मिळालेली आणि दुसऱ्याने जी चूक केली तिची माफी द्यायला कोणी उरलेलंच नाही, बारूक गेला, विलला हे कळणारही नाही. असे दोघं एका ओढ्यात. हे मला मूर्तीत यायला हवंय, कसं ते माहीत नाही पण यायला हवंय.

२९ जून

कुठला क्षण घ्यायचा यावर डोकं चालवतोय. कागदावर चार स्केचेस आहेत.

खांद्यावरचा पक्षी काढून टाकला कारण मग तो विलचा पुतळा होतो. पळून जातानाचा चांगला आहे पण तेवढाच बघितला तर लोक म्हणणार भित्रा देवदूत, आणि त्याच्यावर तो शिक्का मारायला मी हे काम काढलेलं नाही. भुंगा मुठीत धरलेला क्षण बघायला सगळ्यात भारी, नाट्य आहे, रंगवायला मजा आहे, हिरवा चमकता भुंगा आणि त्याच्याकडे झेपावणारा काळ्या झग्यातला पाद्री. आत्ता तरी तोच पुढे आहे.

चौथं स्केच सहज काढलं होतं. गोमेझ मेल्यावर बाल्थामॉस त्याला पाण्यातून ओढून बाहेर काढतो, गवतावर नीट निजवतो, त्याचे हात छातीवर ठेवतो, डोळे मिटतो. पुस्तकात जेमतेम एका वाक्याचं काम आहे, वाचताना सहज निसटून जाईल असं.

६ जुलै

तांत्रिक प्रश्न नंबर एक: हे देवदूत नीट दिसत नाहीत. भर उन्हात तर जवळपास नाहीच, अंधुक उजेडात, चांदण्यात, शेकोटीच्या प्रकाशात त्यांची आकृती उमटते. कपडे नाहीत, चिलखत नाही. म्हणजे पांढरा रंग मारून सोनेरी कडा दिली की झाला देवदूत, असं इथे चालणार नाही.

गुस्ताव्ह डोरेने 'पॅराडाइज लॉस्ट'साठी केलेली चित्रं (१८६६) परत बघून काढली, मालिकेचं नाव मिल्टनच्या त्याच काव्याच्या दुसऱ्या सर्गातून घेतलंय म्हणून तिथून सुरुवात करणं बरोबर वाटलं. काय ताकदीचं काम आहे, रांगाच्या रांगा सैनिक, भाले, स्नायू. पण त्यांना वजन आहे. माझ्या माणसाला वजनच नाही. मिल्टनमध्येही एक शिपाई आहे, अब्दिएल, सैतानाच्या अख्ख्या फौजेत एकटा उभा राहून नाही म्हणणारा आणि रात्रीत एकटा चालत परत जाणारा, पुढे लढाईत सैतानावर पहिला वार त्याचाच. तो पहिल्यापासून शूर आहे. बाल्थामॉस मला जवळचा वाटतो कारण त्याला भीती वाटते आणि त्याने तिच्यापुढे एकदा हार पत्करलेली आहे.

(आपल्याकडेही देवदूतांच्या बंडाची गोष्ट जुनी आहे. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ चं, गोव्यात राचोलला छापलेलं, आणि ते मिल्टनच्या १६६७ च्या आधीचं. लुसिफरचं बंड मराठी ओव्यांमध्ये आलंय. यावर कधीतरी निवांत लिहायचंय.)

टीव्ही सिरीजमध्ये (तिसरा सीझन, २०२२) बाल्थामॉसचं काम कोब्ना होल्डब्रुक-स्मिथने केलंय, काम छानच आहे, पण तिथे देवदूत अंगभर कपड्यातले आणि स्पष्ट दिसणारे आहेत. मला पुस्तकातला हवाय, म्हणून चेहराही कुठल्या नटाचा नको.

१२ जुलै

पंखांचं उत्तर मिळालं! ॲक्रिलिकची शीट.

दुकानातले साइनबोर्ड आठवा, पारदर्शक शीटवर अक्षरं कोरलेली असतात आणि खालच्या कडेतून एलईडी मारला की फक्त अक्षरं उजळतात. कारण असं की कडेतून आत शिरलेला प्रकाश शीटच्या दोन पृष्ठभागांमध्ये आपटत आपटत पुढे जातो, बाहेर पडू शकत नाही, जिथे ओरखडा असेल तिथेच फुटून बाहेर येतो. म्हणजे पंखांच्या आकारात शीट कापायची, पिसं सुईने कोरायची, आणि पंखाच्या मुळाशी एलईडी लपवायचा. खोलीत दिवसाचा उजेड असेल तर बघणाऱ्याला नुसती काच दिसेल आणि अंधार पडत गेला की एकेक पीस दिसायला लागेल, दिवा आहे तेवढाच ठेवून. पुस्तकात जसं आहे तसंच! मला इतका आनंद झाला की लगेच तपकीर गल्ली गाठली.

वॉर्म व्हाइट ३ एमएमचे एलईडी, थोडे रेझिस्टन्स, बारीक वायर. ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर चालवायचंय. हिशोबाने १०० ओहम लावला तर २० मिलिॲम्पच्या आसपास जातात, पण मला मंद हवंय म्हणून ३३०, म्हणजे ६ मिलिॲम्पच्या जवळपास.

ॲक्रिलिकवाले काका विचारत होते, "साहेब, कुठल्या दुकानाचा बोर्ड आहे?" म्हटलं काका, बोर्ड नाही, पंख करायचेत, २ एमएमच्या क्लिअर शीटचे. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले मग एक्स्ट्रुडेड घेऊ नका, कास्ट घ्या, कोरताना कड वितळत नाही. आणि कापलेली कड पॉलिश करून दिली, म्हणाले कड खरबरीत राहिली तर प्रकाश आत जायच्या आधीच फुटतो. ही गोष्ट मला कुठल्या व्हिडिओत मिळाली नव्हती.

१९ जुलै

पंख कोरतोय. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक वापरतोय, कोरायची सुई जाड पडत होती. मधल्या दांड्यापासून बाहेरच्या बाजूला, एका दमात, हलक्या हाताने, परत त्याच रेषेवरून जायचं नाही कारण दुहेरी ओरखडा जास्त उजळतो आणि मग पीस तुटल्यासारखं दिसतं. मुळाशी रेषा विरळ ठेवायच्या आणि टोकाकडे दाट, नाहीतर सगळा प्रकाश मुळाशीच संपतो, टोकापर्यंत पोचतच नाही. डाव्या पंखाची काही पिसं मुद्दाम कोरलीच नाहीत, तिथे काळोख राहील. झिजलेला आहे तो, दिसू दे.

२७ जुलै

पोझ बदलली. चौथं स्केच घेतोय, हात जुळवणारं.

दोन आठवडे भुंग्याच्या पोझवर तारेचा सांगाडा वाकवून बघितला आणि दर वेळी ती मारामारीची मूर्ती होते. बघणाऱ्याची नजर भुंग्याकडे जाते, मग पाद्र्याच्या चेहऱ्याकडे, आणि देवदूत नुसता हात धरून उभा. तो शूर दिसतो. शूर दिसणारे देवदूत ढिगाने आहेत. शत्रू मेल्यावर, अंगात ताकद उरलेली नसताना, त्याच शत्रूला ओढून कोरड्यावर आणणारा आणि त्याचे डोळे मिटणारा शिपाई मला दुसरा कुठे आठवत नाही. घाईत आहे असंही नाही, रागही नाही. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. त्याच्यानंतर लगेच तो बारूकला हाक मारून आता आपल्याच्याने होत नाही म्हणतो आणि नाहीसा होतो. म्हणजे त्याच्या आयुष्यातलं शेवटचं काम काय, तर एका मारेकऱ्याचे हात नीट ठेवणं.

मग भुंगा गेला. माणूस मेला की डेमन विरून जातो, त्यामुळे या क्षणी भुंगा असूच शकत नाही. रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशने काळ्या बेसवर केलेला ४ एमएमचा भुंगा झकास झाला होता, तो डबीत ठेवून दिला. रायफल ठेवतोय, थोडी लांब, गवतात.

१० ऑगस्ट

दोन्ही आकृत्या झाल्या, देवदूताचा मास्टर (साच्यासाठीचा मूळ नमुना) मातीत, गोमेझ एपॉक्सी पुट्टीत. गोमेझ सोपा, आडवा, ओला झगा, झग्याच्या चुण्या पायांना चिकटलेल्या. हा एपॉक्सी पुट्टीतच राहणार आणि रंगवणार, पूर्ण अपारदर्शक, जड. देवदूत मात्र पारदर्शक रेझिनमध्ये ओतायचाय त्यामुळे त्याचा सिलिकॉनचा साचा लागेल.

देवदूत गुडघ्यावर आहे, एक गुडघा गवतात, दुसरा पाय मागे अजून ओढ्यात. पारदर्शक आकृतीत सावल्या रंगवता येत नाहीत, चेहऱ्यावरचे भाव तर दोन फुटांवरून दिसणारच नाहीत, म्हणून थकवा जो काय दाखवायचा तो पाठीतून. मान पुढे पडलेली, खांद्याची पाती वर आलेली. बायकोला विचारलं हा काय करतोय वाटतं, ती म्हणाली, "अहो, हा आजारी माणसाची उशी सारखी करतोय." बास, मग हात लावला नाही.

२३ ऑगस्ट

साचा ओतला. माझ्याकडची शिल्पकामाची माती सल्फरवाली आहे आणि प्लॅटिनमवालं सिलिकॉन सल्फर लागला की सेटच होत नाही, चिकट राहतं, त्यामुळे टिनवालं घेतलं. दोन भागांत साचा, सांधा पाठीच्या कण्यावरून नेला, पंखांच्या खाचा तिथेच आहेत त्यामुळे सांध्याची रेघ झाकली जाईल.

७ सप्टेंबर

पाऊस काही थांबत नाही आणि एपॉक्सीला दमट हवा अजिबात चालत नाही, वर पांढुरकी तेलकट साय येते, क्लिअर रेझिन धुरकट होतं. म्हणून खोलीत डीह्युमिडिफायर लावून, रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवून, मग मिसळलं. गरम रेझिन पातळ होतं आणि बुडबुडे वर सुटतात. रेझिन दोन भाग, हार्डनर एक भाग, मापाच्या कपात, तीन मिनिटं सावकाश ढवळायचं, फेटायचं नाही. हाताच्या बोटांच्या जागी साच्यात आधी ब्रशने रेझिन भरलं कारण बोटांत हवा अडकते.

चोवीस तासांनी साचा उघडला. बोटं आली आहेत. सगळीच्या सगळी. डाव्या बरगडीपाशी दोन बुडबुडे आहेत ते ठेवणार आहे, आत काहीतरी सुटत चाललंय असं दिसतं आणि त्याच्या बाबतीत ते खरंच आहे.

१४ सप्टेंबर

आजचा दिवस पॉलिश पेपरचा, आणि या पूर्ण कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

साच्यातून निघालेलं क्लिअर रेझिन काचेसारखं असतं, इतकं की आकृती कळतच नाही, मागचं कॅलेंडर दिसतं. पेपर घासला की तिथे ते दुधाळ होतं आणि प्रकाश धरतं. म्हणजे जिथे घासीन तिथेच देवदूत दिसेल, बाकीचा हवेत. मग कुठे घासायचं हे ठरवणं म्हणजेच त्याला घडवणं. १००० नंबरचा पेपर ओला करून खांद्याची पाती, कण्याचे मणके, कपाळाची कड. चेहऱ्याला बाकी हात नाही लावला. आणि हात, दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत नीट घासले, नखांपाशी पेपरची घडी करून, कोपरापासून वर मात्र हळूहळू सोडत गेलो, आधी १०००, मग १५००, मग २०००, मग काही नाही. आता अंधुक उजेडात आधी हात दिसतात. मग पाठ. मग कुठे कळतं की माणसाची आकृती आहे.

पायांना काहीच केलं नाही, त्याचं कारण ओढा.

२८ सप्टेंबर

बेस. म्यूलेफांच्या जगात गवताळ माळ, प्रचंड झाडं आणि लाव्हा थिजून झालेले काळे रस्ते आहेत, त्या रस्त्यांवरून हे प्राणी बियांच्या चाकांवर धावतात. लाव्हाचा दगड आपल्याकडे शोधायला कुठे जावं लागतच नाही, अख्खा दख्खन बसाल्टवर बसलाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रस्त्याच्या कामाच्या खडीतले बारीक तुकडे उचलून आणले, धुतले, ओढ्याच्या काठाला लावले. १:१२ मध्ये बारीक खडीसुद्धा शिळा वाटते.

गवताला काथ्या. बोहरी आळीतून दोरखंड आणलं, सोडवलं, कापडाच्या रंगात बुडवलं, वाळवून कात्रीने वेगवेगळ्या लांबीचं कापलं आणि झुबके चिकटवले. गोमेझच्या अंगाखालचं गवत दाबलेलं, आणि ओढ्यापासून तिथपर्यंत एक पट्टा आडवा झालेला, ओढत आणल्याचा. हा पट्टा करताना बरीच काळजी घेतली. सरळ नाही केला, मध्ये दोन ठिकाणी गवत जास्त चुरगळलंय, तिथे तो थांबला असणार.

५ ऑक्टोबर

ओढा ओतला. एका वेळी ५ एमएमपेक्षा जाड थर द्यायचा नाही, रेझिन घट्ट होताना तापतं, जाड ओतलं तर तडे जातात.

आणि जे व्हावं म्हणून मी पायांना पेपर लावला नव्हता ते झालं. देवदूत ज्या रेझिनचा आहे तेच रेझिन पाणी म्हणून ओतलं, दोन्हींचा अपवर्तनांक एकच, मध्ये हवेचा थर नाही, त्यामुळे पाण्याखाली गेलेला पाय दिसेनासाच झाला. घोट्यापर्यंत आहे आणि त्याखाली नुसता ओढ्याचा तळ, खडे. मी टॉर्च मारून, वाकून, सगळ्या बाजूंनी बघितलं, पाय तिथे आहे हे मला माहीत असून दिसत नाही. पुढच्याच क्षणाला तो पूर्ण विरणार आहे ते पायापासून सुरू झालंय.

गोमेझच्या झग्याला शेवटचा हात: वरून मॅट वार्निश, खालच्या अर्ध्या भागाला ग्लॉस, म्हणजे ओलं. चेहरा तरुण ठेवलाय. त्याला राक्षस करायचं नव्हतं, त्याला स्वतःला वाटत होतं की आपण चांगलं काम करायला निघालोय.

१२ ऑक्टोबर

पंख बसवले. मुळाशी खाच, त्यात एलईडी, वायर पाठीतून खाली गुडघ्यातून बेसमध्ये. वायरचं टेन्शन होतं कारण पारदर्शक शरीरातून ती दिसणारच, मग इनॅमलची तांब्याची बारीक तार वापरली, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली, आणि ती बरोबर मणक्यांच्या घासलेल्या पट्ट्यामागून नेली. दुधाळ भागामागे ती लपते.

संध्याकाळी खिडकीशी ठेवून सुरू केलं. पाच-साडेपाचला गवत, पाद्री, रायफल आणि त्यांच्याकडे वाकलेलं काहीतरी चमकदार. सहा वाजले तसे हात आले. सव्वासहाला पंख, आणि डावीकडची न कोरलेली पिसं म्हणजे काळ्या फटी. भाचा घरी होता, त्याने मालिका वाचलेली नाही, दिवाळीच्या सुट्टीत पहिलं पुस्तक देणार आहे. त्याला विचारलं यातला चांगला कोण. तो म्हणाला, "मामा, जो झोपलाय त्याला दुसऱ्याने मारलं का वाचवलं तेच कळत नाही." मी त्याला सांगितलं की दोन्ही मुलांना वाचवायला त्याने याला मारलं आणि मग याचे हात नीट ठेवले. तो बराच वेळ बघत बसला, मग विचारलं, "मुलांनी त्याला थँक्यू म्हटलं का?" म्हटलं नाही रे, त्यांना पत्ताच नाही, ती तिकडे झाडीत बसून फळं खातायत.

त्यावर तो एवढंच म्हणाला की मग कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे होतं. मलाही तसंच वाटतं.

१९ ऑक्टोबर

उरलेली कामं: ३३० ओहमच्या जागी ४७० लावून बघायचा, पूर्ण अंधारात उजव्या पंखाचं मूळ जरा जास्त भडक दिसतंय. बेसखाली फेल्ट. ॲक्रिलिकची पेटी करायला दिली आहे, धूळ बसली की कोरलेल्या रेषांबरोबर तीही उजळते त्यामुळे पेटी लागणारच. रेझिन उन्हाने पिवळं पडतं म्हणून खिडकीपासून लांबचं कपाट रिकामं केलंय. पाटीवर फक्त नाव टाकतोय, 'बाल्थामॉस', हुद्दा वगैरे काही नाही, त्याला नव्हताच.

बारूकची नोंदवही वेगळी सुरू केली आहे. त्याचा क्षण दार उघडल्याचा, झुळकेचा, म्हणजे आकृती एका बाजूने अजून माणूस आणि दुसऱ्या बाजूने नुसते कण. साच्यातून असं काही निघणं कठीण आहे. आत्ता डोक्यात असं आहे की थराथराने रेझिन ओतायचं आणि प्रत्येक थरात बारीक अभ्रक कमी कमी करत न्यायचा. अभ्रकाची पूड आणली आहे, पुढच्या रविवारी छोट्या कपात टेस्ट ओततो.